त्याने बाजूला ठेवलेली पाच गाणी

चि. सोनूस,



तुझ्या कार्यक्रमाचा आराखडा मिळाला. बेल्जियन गायक झाक ब्रेलच्या शेवटच्या अल्बमवर अख्खी संध्याकाळ करायची असं तुम्ही मुलांनी ठरवलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडे फ्रेंच शिकणारी मंडळी त्याचं 'न म कित पा' पाठ करतात आणि तिथेच थांबतात. बाकीच्यांना तो माहीत असतो तोही आडवाटेने. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये 'सीझन्स इन द सन' गाणाऱ्याला ते ब्रेलच्या १९६१ च्या 'ल मोरिबों'वरून आलंय हे ठाऊकही नसतं. तुम्ही थेट १९७७ च्या अल्बमला हात घातलात. एवढं मोठं काम अंगावर घेतलंयस म्हणूनच यादीबद्दल मला गप्प बसवत नाही.

यादीत तू दोन फेरफार केले आहेस. 'ले एफ' हे गाणं गाळलंस, ते कडवट आहे आणि कुणी दुखावेल म्हणून. आणि शेवटचं 'ले मार्किझ' झाल्यावर २००३ मध्ये बाहेर आलेली पाच गाणी जोडलीस. पोस्टरवर तर त्या पाचांचीच जाहिरात मोठ्या अक्षरांत आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. गाळलेलं गाणं परत घे, जोडलेली पाच काढ, आणि बारा गाणी त्याने लावली त्याच क्रमाने गा. पाचांसाठी निराळी बैठक कर. असं का म्हणते ते आता सविस्तर लिहिते.

हा अल्बम कुठून आला ते आधी तुझ्या मुलांना नीट सांग, कारण त्याशिवाय निवडीला वजन येत नाही. ब्रेलने शेवटची मैफल केली ती मे १९६७ मध्ये, उत्तर फ्रान्समधल्या रूबेला. तेव्हा वय अडतीस, आणि लोकप्रियता ऐन भरात. संपूर्ण नव्या गाण्यांचा अल्बम त्यानंतर एकच आला, १९६८ मध्ये. मग सिनेमे झाले. १९७४ मध्ये 'आस्कोय' नावाची शिडाची बोट घेऊन तो जगप्रवासाला निघाला, त्याच वर्षी फुप्फुसाचा कर्करोग निघाला, ब्रसेल्सला शस्त्रक्रिया झाली. दुसरा कुणी किनाऱ्यावर राहिला असता. हा अटलांटिक ओलांडून, मग पॅसिफिक ओलांडून १९७५ च्या अखेरीस मार्किझ बेटांपैकी हिवा ओआ बेटावर पोचला आणि आतुओना नावाच्या गावात राहिला. पॉल गोगँ हा चित्रकार १९०३ मध्ये तिथेच वारला होता. ब्रेलने दोन इंजिनांचं एक छोटं विमान घेतलं, त्याला आपल्या दिवंगत मित्राचं, 'झोझो'चं नाव दिलं, आणि बेटांवरच्या लोकांचं टपाल न्यायला, माणसं ने-आण करायला लागला. गावात सिनेमाची सोय नव्हती, तर प्रोजेक्टर आणून उघड्यावर सिनेमे दाखवले. या अल्बममधली बरीचशी गाणी त्या गावातल्या घरात आकाराला आली.

१९७७ च्या उन्हाळ्याअखेरीस तो पॅरिसला परतला आणि सप्टेंबरमध्ये बार्कले कंपनीच्या आव्हन्यू ओशवरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं. पियानोवर झेरार झुआने, वाद्यवृंदाची रचना फ्रांस्वा रोबेरची. दोघेही १९५० च्या दशकापासूनचे त्याचे साथीदार. ब्रेल नेहमी वाद्यवृंदाबरोबर एकत्रच गायचा, नंतर आवाज चढवणं त्याला मानवत नसे. ती पद्धत त्याने आताही सोडली नाही, फुप्फुसाचा एक भाग काढलेला असताना. गाताना तो श्वास कुठे घेतो ते मुलांना कान देऊन ऐकायला सांग. तरुण ब्रेल ज्या ओळी एका दमात फेकून द्यायचा तशा ओळी इथे त्याने वेगळ्या कापल्या आहेत, आणि त्या कापण्यातून अर्थच वाढला आहे असं मला वाटतं.

त्या दिवसांत सतरा गाणी मुद्रित झाली. त्यांतली बारा त्याने घेतली. पाच ठेवून दिली आणि कंपनीचे मालक एदी बार्कले यांना सांगितलं की ही प्रसिद्ध करू नका. १७ नोव्हेंबर १९७७ ला बारा गाण्यांची तबकडी बाजारात आली. मुखपृष्ठावर आकाश, ढग आणि फक्त त्याचं आडनाव. लोक तिला पुढे शेवटच्या गाण्यावरून 'ले मार्किझ' म्हणू लागले. अकरा महिन्यांनी, ९ ऑक्टोबर १९७८ ला, पॅरिसजवळच्या बोबिन्यीच्या इस्पितळात तो गेला. वय एकोणपन्नास. आतुओनाच्या दफनभूमीत गोगँच्या थडग्यापासून काही पावलांवर त्याला पुरलं.

आता क्रमाबद्दल, कारण माझा सगळा आग्रह तिथेच आहे.

तबकडीला दोन बाजू असतात हे तुझ्या मुलांना फक्त ऐकून माहीत असेल. पहिल्या बाजूला सहा गाणी: 'झोरेस', 'ला व्हील सांदोर्मे', 'व्हिएयीर', 'ल बों द्यू', 'ले एफ', 'ओर्ली'. दुसऱ्या बाजूला सहा: 'ले रांपार द व्हार्सोव्ही', 'व्हुआर अं नामी प्लरे', 'क्नोक-ल-झूत टँगो', 'झोझो', 'ल लियों', 'ले मार्किझ'. नऊ वर्षांनी लोकांसमोर येताना हा माणूस पहिलं गाणं स्वतःच्या आजाराचं घेत नाही, बेटाचंही घेत नाही. गिरण्या-खाणींमध्ये राबून अकाली म्हातारे झालेल्या आजोबांच्या पिढीचं घेतो, आणि विचारतो की त्यांच्या बाजूने उभा राहिलेला समाजवादी पुढारी झां झोरेस, त्याला का मारलं. ३१ जुलै १९१४ ला पॅरिसच्या एका कॅफेत झोरेसचा खून झाला आणि तीन दिवसांत फ्रान्स महायुद्धात ओढला गेला. हे दोन ओळींत निवेदनात सांगितलंस की गाणं लागेल. त्यानंतर लगेच एका दमलेल्या घोडेस्वारासमोर संध्याकाळी झोपी जाणारं शहर येतं. मग म्हातारपणाची भीती, मरणापेक्षा मोठी. मग देवाला नाकारून माणसाला कवटाळणं. मग 'ले एफ'चा संताप. आणि बाजूच्या शेवटी 'ओर्ली'.

'ओर्ली' हे या अल्बमचं शिखर आहे असं माझं ठाम मत. विमानतळावर हजारो माणसं, पण सांगणाऱ्याला दिसतात दोनच: निरोप घेणारं एक जोडपं. तो त्यांच्यात कुठेच नाही, नुसता पाहतो आहे. ब्रेलच्या आधीच्या प्रेमगाण्यांत विनवणारा, चिडणारा, कोसळणारा पुरुष मध्यभागी असायचा. इथे तो बाजूला उभा आहे आणि शेवटी त्याची नजर एकट्या राहिलेल्या त्या स्त्रीवर खिळते. ओर्लीवर झिल्बेर बेको या गायकाचं १९६३ चं एक हलकंफुलकं गाजलेलं गाणं होतं, रविवारी विमानं पाहायला जाण्याचं, आणि ब्रेलने आपल्या गाण्यात बेकोचं नाव घेतलं आहे. फ्रेंच श्रोत्याला तो संदर्भ तत्काळ लागतो. तुझ्या श्रोत्यांना आधी सांगावा लागेल. हे गाणं संपलं की तबकडी उलटायला उठावं लागायचं. म्हणून तुझं मध्यंतर 'ओर्ली'नंतर ठेव. आराखड्यात ते 'व्हुआर अं नामी प्लरे'नंतर आहे. चहाच्या वेळेसाठी ते सोयीचं असेल, पण दुसरी बाजू त्याने उपहासाने उघडली आहे आणि त्या उपहासाला लागूनच मित्राला रडताना पाहण्याचं गाणं ठेवलं आहे. त्या दोघांमधली उडी श्रोत्यांना जाणवू दे, आणि त्यापुढे टँगो ऐकू दे. दुःखाच्या गाण्यानंतर दिवे लावून लोकांना मोकळं सोडायचं नाही.

'ले एफ'कडे येते. मलाही ते गाणं आवडत नाही. बेल्जियममधल्या फ्लेमिश राष्ट्रवाद्यांवर त्यात आग ओकली आहे, त्यांच्या युद्धकाळातल्या वागण्यावर बोट ठेवलं आहे, आणि काही ठिकाणी एका समाजाच्या अतिरेक्यांवरचा राग सगळ्या समाजावर सांडतो आहे असं वाटतं. बेल्जियममध्ये त्यावरून मोठं वादळ उठलं होतं. पण हा बाहेरच्या माणसाचा राग नाही हे लक्षात घे. त्याच्या वडिलांचं घराणं मूळ फ्लेमिश, 'मारिके' या गाण्यात त्याने त्या भाषेतल्या ओळी गायल्या आहेत, आणि आपल्या सपाट मायभूमीवरचं 'ल प्ला पेई' तर डच भाषेतही मुद्रित केलं आहे. भाषेवरून एका घराचे दोन तुकडे कसे पडतात हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना फार समजावावं लागणार नाही, सीमाभागाचं दुखणं त्यांनी जवळून पाहिलं आहे.

आणि निवडीच्या दृष्टीने पाहा. सतरा गाणी समोर असताना त्याने 'ले एफ' ठेवलं आणि 'ला कातेद्राल'सारखं सुंदर गाणं बाहेर ठेवलं. तुझी यादी याच्या नेमकी उलट आहे. तू केलेली संध्याकाळ अधिक गोड होईल, कुणी भांडणार नाही, पण मग तिला 'ब्रेलचा शेवटचा अल्बम' हे नाव देऊ नकोस. त्या नावाखाली त्याने लोकांपुढे काय ठेवायचं ते ठरवलं होतं, मरण समोर दिसत असताना, पूर्ण भान ठेवून. गाणं गा, निवेदनात तुझी असहमती सांग. दोन्ही एकाच व्यासपीठावर होऊ शकतं.

आता ती पाच. 'सां झेक्झिजांस', 'आव्हेक एलेगांस', 'मे कारांत', 'लामूर ए मोर', 'ला कातेद्राल'. २००३ मध्ये, त्याच्या मृत्यूला पंचवीस वर्षं होताना, कंपनीने त्याचे सगळे अल्बम सोळा सीडींच्या एका पेटीत नव्याने काढले, आणि 'अँफिनिमाँ' नावाचा एक निवडक संग्रहही काढला. ही पाच गाणी तेव्हा पहिल्यांदा अधिकृतपणे लोकांपर्यंत आली. कुटुंबाची संमती होती. फ्रेंच कायद्यात आपली कृती प्रसिद्ध करायची की नाही हा हक्क लेखकाचा एकट्याचा मानतात आणि त्याच्या पश्चात तो वारसांकडे येतो. तेव्हा कुणी चोरी केली असं म्हणता येणार नाही, आणि मी म्हणतही नाही.

तू पत्रात लिहिलं आहेस की त्याला खरोखर नको असती तर त्याने टेप पुसायला लावल्या असत्या. मुद्दा सरळ आहे आणि मी त्याचा पुष्कळ विचार केला. टेप राहिल्या याचा एक अर्थ असा लागतो की गाणी त्याला टाकाऊ वाटली नव्हती, अपुरी वाटली होती, आणि परत येऊन ती पुरी करावीत असं मनात असेल. तसं करणं त्याच्या स्वभावात होतं. १९७२ मध्ये त्याने आपली जुनी अकरा गाणी नव्याने गाऊन अल्बम केला होता, 'न म कित पा'सकट. म्हणजे जुन्या कामाकडे परतायची त्याला लाज नव्हती. मात्र त्या वेळी स्टुडिओत तो स्वतः उभा होता. प्रत्येक गाणं त्याने पुन्हा तोंडातून काढलं आणि मग सोडलं. २००३ मध्ये ते करायला तो नव्हता. ज्या अवस्थेत गाणी त्याला पुरी वाटली नव्हती त्याच अवस्थेत ती आपल्याकडे आली आहेत, एवढं विसरू नकोस.

म्हणून ऐकू नये का? जरूर ऐकावीत. मला स्वतःला 'ला कातेद्राल' फार आवडतं. एक चर्च घ्यावं, त्याला डोलकाठ्या लावाव्यात, शिडं चढवावीत आणि समुद्रात लोटावं, अशी ती कल्पना. 'आस्कोय'वरचा माणूसच ते लिहू शकतो. 'मे कारांत'मध्ये १० मे १९४० नंतरचं बेल्जियम आहे, जर्मन फौजा आत येतानाचं, अकरा वर्षांच्या मुलाच्या नजरेतून. पण ते ऐकून झालं की १९६७ चं 'मों आंफांस' काढ. त्यातही बालपण शेवटी युद्धापाशीच येऊन ठेपतं, आणि किती कमी शब्दांत! हे मी एकदा चांगलं सांगितलं आहे, असं त्याला वाटलं असावं, हा माझा अंदाज. 'लामूर ए मोर'च्या शेजारी १९६७ चंच 'ला शांसों दे व्ह्यू झामां' ठेवलंस तर तसाच एक प्रश्न उभा राहतो: म्हातारपणीही धुमसत राहणारं प्रेम ज्याने गायलं, तो प्रेम विझल्याचं गाणं का अडवतो? याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. पण असले प्रश्न बारा गाण्यांच्या शेपटीला पाच गाणी जोडून पुढे येत नाहीत, ती सगळी एकाच रांगेत वाहून जातात.

'ले मार्किझ' हा शेवट आहे म्हणून तो तसा रचलाय. त्या गाण्यात घाई कुठेच नाही. बेटावर वारा थांबला की काळच उभा राहतो, माणसं मरणाविषयी फळाविषयी बोलावं इतक्या सहज बोलतात, तक्रार करायची तिथे पद्धत नाही. वाद्यवृंद लाटेसारखा येतो आणि ओसरतो. तबकडीवर त्यानंतर सुई उचलली जायची. पुढे काही नसणं हा त्या गाण्याचा भागच होता. त्याच्यामागे लगेच तेरावं गाणं लागलं की हा शेवट मधला थांबा होऊन बसतो. तुझ्या यादीतही तेच झालं आहे. 'ले मार्किझ' संपेल, लोक टाळ्यांसाठी हात उचलतील आणि तू निवेदन सुरू करशील. ते करू नकोस.

पोस्टरचंही बोलायला हवं. 'पंचवीस वर्षं दडवलेली गाणी' हे वाक्य आजच काढून टाक. १९७७ मध्ये ब्रेलने कंपनीला जाहिरातबाजी नको म्हणून सांगितलं होतं. एदी बार्कले यांनी मग त्या न-जाहिरातीचीच जाहिरात केली. तबकड्या कुलूपबंद धातूच्या पेट्यांतून दुकानांत गेल्या आणि कुलपाचे आकडे सगळ्यांना एकाच वेळी कळवले गेले. ऐकायच्या आधीच सुमारे दहा लाख प्रतींची मागणी नोंदली गेली होती. ब्रेलला ते रुचलं नाही. लोकांनी गुपितासाठी यावं आणि गाणी जाता जाता ऐकावीत, हे तुमच्या सभागृहात पुन्हा घडवू नका. पोस्टरवर त्याचं नाव, १९७७ हे साल आणि बारा गाण्यांची नावं मराठी अर्थासकट दे, तेवढं पुरे. सार्वजनिक कार्यक्रमाला परवाना लागेल, तेही आधी पाहून ठेव.

गाण्याबद्दल थोडंसंच, कारण तुमचे गुरू समर्थ आहेत. कुणीही ब्रेलची नक्कल करू नये. तो घाम, ते हातवारे, ते दातओठ यूट्यूबवर पाहून मुलं उचलतात आणि वाईट दिसतं. शांसोंमध्ये, म्हणजे या फ्रेंच गीतप्रकारात, शब्द आधी पोचायला हवा, सूर त्याच्या मागून. 'झोझो' फक्त गिटारवर ठेवा, तबकडीवरही ते तसंच आहे; तिथे कीबोर्डचा मोह टाळा. मेलेल्या मित्राशी रात्री बोलत बसलेल्या माणसाचं ते गाणं आहे, आणि बोलण्याच्या आवाजातच गायलं पाहिजे. 'व्हुआर अं नामी प्लरे' तुम्ही दोघींनी वाटून घेतलं आहे, ते एकटीनेच गा. जगातली सगळी दुःखं एकेक करून मोजत ते एका मित्राच्या डोळ्यांतल्या पाण्यापाशी येतं. मोजणारा आवाज मध्येच बदलला तर हिशेब तुटेल.

दुसरी बैठक लहान ठेव. सभागृह नको, तुमचा वर्ग पुरेल. सुरुवातीलाच सांग की ही गाणी गायकाने स्वतः बाहेर दिली नव्हती, कुटुंबाने दिली, आणि कोणत्या वर्षी दिली. प्रत्येक गाण्याच्या जोडीला त्याचं एक जुनं गाणं घे. 'मे कारांत' आणि 'लामूर ए मोर'च्या जोड्या वर लिहिल्याच आहेत. 'ला कातेद्राल'सोबत 'ल प्ला पेई' चालेल, त्यातही चर्चचे उंच मनोरे आहेत, तिथे ते जमिनीत रुतून डोंगरांची जागा घेतात. उरलेल्या दोघांच्या जोड्या मुलांनाच शोधू देत. भांडू देत त्यावर.

आणि या पाचांना त्याने क्रम दिलेला नाही, तेव्हा तिथे तू मोकळी आहेस. मी असते तर 'मे कारांत'ने सुरुवात केली असती आणि 'आव्हेक एलेगांस' मध्यावर ठेवलं असतं. शेवट कशाने करायचा ते तू ठरव आणि मला कळव. 'झोरेस'च्या निवेदनाचा मसुदा या आठवड्यात पाठवते, 'ले एफ'चा तू लिही.

बाबांना आणि आईला नमस्कार.

तुझी,
मावशी